मंगळवार-शुक्रवारचा दिवा

१३ नोव्हेंबर, बुधवार

एरवी लोक मला फोन करून एकच विचारतात — उद्या पाऊस आहे का? आज एकानेही विचारलं नाही! सगळ्यांना दिवा हवा होता. काल रात्री जेवणाच्या सुमारास एक पिवळा दिवा घरांच्या वरून सरळ वर गेला, मग तिरका झाला आणि दिसेनासा झाला म्हणे. एक बाई म्हणाल्या, तो मध्येच थांबून माझ्या गच्चीकडे बघत होता. एका गृहस्थांचं म्हणणं, ही उडती तबकडीच आहे, फक्त तुमचं हवामान कार्यालय लपवून ठेवतंय. मी म्हटलं, अहो, आम्हाला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, तबकडी कुठे लपवणार? त्यांना हसू आलं नाही. फोन आपटला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. विमानतळाच्या मनोऱ्यावरून तक्रार आली आहे. उतरताना दोन वैमानिकांना दिवा दिसला, एक जण दचकला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिसतो. कोण सोडतंय, काय सोडतंय, शोधा आणि महिनाअखेर अहवाल द्या.

मी? मी फोन उचलते. वारा मोजणारे वरच्या मजल्यावर बसतात. ‘त्यांच्याशी कोणी बोलत नाही,’ साहेब म्हणाले. ‘तुमच्याशी लोक तासतास बोलतात.’ हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवते आहे.

नवरा खूश. त्याची मोटार शिकवायची शाळा. म्हणाला, गुप्तहेराला गाडी लागते, आमची घे. दोन ब्रेकवाली!

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसातून परस्पर आईकडे.

आईने चहा केला. मी करते म्हटलं तर रागावली. कपात बोट बुडवून अंदाज घेते, बोट भाजलं की थांबते. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, डोळ्याचा मधला भाग गेलाच आहे, कडेकडेचं आहे तेही हळूहळू जाईल. चेहरे तर कधीचेच गेले. मी दारात उभी राहिले की माझ्या चपलांच्या आवाजावरून ‘आलीस?’ म्हणते, आणि माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघून हसते. ते हसणं बघवत नाही. तरी बघायलाच जाते.

मी दिव्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. गच्चीकडे बघणारा दिवा ऐकून आईला ठसका लागला. बाबा पेपरात डोकं घालून होते. एवढंच विचारलं, ‘वारा कुठून होता?’

या दोघांची जुनी सवय. दोघंही माझ्याच कार्यालयात होते, माझ्या कितीतरी आधी. तेव्हा वरचा वारा मोजायला फुगा सोडत. बाबा फुगा भरायचे आणि सोडायचे. आई कोन मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावून त्याचा माग काढायची. रात्री फुग्याला छोटा दिवा बांधायचा म्हणजे अंधारात दिसतो. फुगा ज्या बाजूला सरकेल त्यावरून वारा कळतो. तिथेच त्यांचं जमलं. आता ते सगळं यंत्र करतं.

एकदा मोठे अधिकारी पाहणीला आले होते आणि फुगा लगेच ढगात शिरला. अधिकारी म्हणाले, अंदाजे कोन टाका, कागद रिकामा बरा दिसत नाही. आईने टाकला नाही. ‘ढगात गेला’ असं लिहिलं आणि सही केली. बाबा अजून ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात. न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही — या एका नियमावर मी लहानाची मोठी झाले. गृहपाठ झाला म्हणून थाप मारली की दोघंही एकाच सुरात तेच म्हणायची.

निघताना बाबा म्हणाले, ‘उद्या येऊ नकोस गं. शुक्रवारी पत्त्यांचा डाव असतो.’ सत्तरी उलटल्यावर पत्त्यांचा नाद! असू दे. तेवढाच विरंगुळा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पाहिला!

नवऱ्याने गाडी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ लावली. वर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून हसत होते. दोघं पन्नाशीला आलेले, अंधारात गाडी लावून बसलेले. नवरा म्हणाला, लग्नाआधी हे करायला हवं होतं. मी त्याला गप्प बसवलं आणि तेवढ्यात तो वर आला.

आवाज नाही, घाई नाही. घरांच्या रांगेतून एक पिवळा ठिपका निघाला आणि चढत राहिला. कागदी उडता कंदील असता तर भडकला असता, हेलकावे घेतले असते. हा एकाच चालीने चढत होता, जिना माहीत असलेल्या माणसासारखा. मग उजवीकडे वळला, बारीक होत गेला, आणि कधी संपला ते कळलंच नाही.

मला विमानतळ, साहेब, अहवाल काही आठवलं नाही. नुसती बघत राहिले. का ते माहीत नाही. नवऱ्याने काच खाली करून मान बाहेर काढली. मग म्हणाला, ‘जो कोण सोडतो ना, त्याला पकडूच नये.’

१६ नोव्हेंबर, शनिवार

साक्षीदार गोळा केले. बेकरीवाला, शाळेचा पहारेकरी आणि ती गच्चीवाली बाई. प्रत्येकाला म्हटलं, काल जिथे उभे होता तिथेच उभे राहा, हात लांब करा, मूठ वळा आणि सांगा — दिवा किती मुठी वर होता, कुठल्या बाजूला? ही बाबांची युक्ती. हात लांब केला की एक मूठ म्हणजे दहा अंश. लहानपणी आम्ही चंद्र असाच मोजायचो.

बेकरीवाल्याचे दोन्ही हात पिठाचे. मोजता मोजता माझ्या नकाशावर पांढरी मूठ उमटवली. गच्चीवाल्या बाईंनी आधी केस नीट केले, मग मूठ दाखवली. पहारेकरी सर्वांत चोख. तो म्हणाला, ‘मला भीती नाही वाटली बाई. रात्रभर एकटा असतो. मंगळवारी-शुक्रवारी तो गेला की बरं वाटतं. कोणीतरी जागं आहे म्हणून.’

तिघांच्या रेघा नकाशावर काढल्या. वरच्या मजल्यावरून कालचा वारा आणला. वाऱ्याने दिवा वाहत आला तो मार्ग उलट मोजत गेलं की निघाला कुठून ते सापडायला हवं. सापडलंच! रेघ थेट गावाबाहेरच्या रोपवाटिकेत जाते. मला माझाच अभिमान वाटला. उगीच नाही, रक्तातच आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

रक्तात काही नाही. रोपवाटिकेवाल्याने सगळी काचघरं उघडून दाखवली. गुलाबांखेरीज काही नाही. मी चिकाटीने विचारत राहिले, रात्री इथून काही वर जातं का? तो म्हणाला, ‘खतांचे भाव.’ त्याचा कुत्रा मला फाटकापर्यंत पोचवायला आला, म्हणजे मागे लागला. गाडी एक शिकाऊ पोरगा चालवत होता; नवऱ्याने बाजूच्या सीटवरूनच ब्रेक दाबून ती माझ्यापाशी थांबवली आणि हसत बसला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा. घराच्या गच्चीवरून एकटीनेच पाहिला. अहवालासाठी नाही, असाच.

२० नोव्हेंबर, बुधवार

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते!

वरच्या मजल्यावरच्या वारा मोजणाऱ्या मुलीला नकाशा दाखवला. ती बघत राहिली, मग फार सभ्यपणे म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडे जाणारा धरलाय.’

सगळं गाव वाऱ्याला तो येतो तिथलं नाव देतं. पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो. हे मला माहीत नाही? मला! बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून शिकवायचे — वारा कुठून आला ते विचारायचं, कुठे चालला ते नाही. त्याचं नाव त्याच्या घरावरून. आणि मी त्यांची लेक, घोडचूक करून गुलाबांच्या बागेत कुत्र्याच्या तोंडी.

सगळ्या रेघा उलट फिरवल्या. आता जुन्या बाजारात मिळतात. म्हणजे आईच्या घरामागचाच बाजार! बरं झालं, शुक्रवारी तपास करता करता आईकडे चहाला जाता येईल. बाबांचे पत्ते असू देत, मी आईशी गप्पा मारीन.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काखेत कळसा, गावाला वळसा. दुसरं काय म्हणू?

संध्याकाळी बाजारात गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे एक फुगेवाला गॅसची टाकी घेऊन बसतो, हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला विचारलं, मोठा फुगा कोणी नेतं का? ‘नेतात ना,’ तो म्हणाला, ‘एक आजोबा. पांढरा, सगळ्यांत मोठा. पण मला हात लावू देत नाहीत. स्वतः भरतात. खिशातून एक पितळी वजन काढतात, दोऱ्याला अडकवतात. फुगा ते वजन घेऊन जागच्या जागी तरंगला की पुरे म्हणतात. खाली आला तर आणखी भर, वर गेला तर थोडं सोड. कशाला एवढं, म्हटलं, तर म्हणाले, नाहीतर नीट चढणार नाही.’

पितळी वजन. वर कडी असलेलं, एका बाजूला चेपलेलं. मी ते आयुष्यभर आमच्या टेबलावर कागदांवर ठेवलेलं पाहिलं आहे. ती बाजू मीच चेपली होती, त्याने अक्रोड फोडताना.

मी पलीकडच्या कापडाच्या दुकानात शिरून उभी राहिले. थोड्या वेळाने बाबा आले. इस्त्रीचा शर्ट. भरला, तोलला, पैसे दिले आणि निघाले. गुडघे दुखतात म्हणून हळूहळू, हातात दोरा, डोक्यावर पांढरा फुगा. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. एक बाई म्हणाली, ‘नातवाला का आजोबा?’ बाबा म्हणाले, ‘नाही, बायकोला.’

मी मागोमाग गेले. आईबाबांचं घर वरच्याच मजल्यावर, तिथून गच्चीला एकच जिना. गच्चीवर पोचले तेव्हा ते फुग्याला टॉर्चचा छोटा दिवा बांधत होते. मला पाहून दचकले नाहीत. म्हणाले, ‘दोरा धर जरा.’

मी धरला. पत्ते वगैरे काही विचारलं नाही. तेच बोलले.

‘उन्हाळ्यात वीज गेली होती. ही सज्जात बसलेली. रस्त्यावरून कोणी कंदील घेऊन गेला, तर म्हणाली, अहो, ते काय चाललंय? इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काही दिसलं. काळोखात एकटा दिवा असला की तिला कडेने दिसतो. म्हटलं, दिवा तर मला सोडता येतो.’

मी विमानांचं सांगितलं. तोंड उतरलं त्यांचं. ‘मी शेवटचं विमान गेल्यावरच सोडतो. उगीच नाही.’ बाबा, तुम्ही निवृत्त झालात तेव्हाचं शेवटचं विमान. आता त्यानंतर आणखी एक येतं. वेळापत्रक बदललं. ज्या माणसाने सगळी उमर विमानांसाठी वारा मोजला, त्याच्याच दिव्याने वैमानिक दचकला. ते कठड्याला टेकून राहिले. आम्ही दोघं ते नवीन विमान उतरेपर्यंत दोरा धरून थांबलो. फुगा आमच्या डोक्यावर डुलत होता.

मग त्यांनी कठड्यावरून वाकून हाक दिली, ‘सोडला!’

खालच्या सज्जातून आईचा आवाज, कितीतरी वर्षांपूर्वीचा असावा तसा, ‘दिसला!’

मी रडले. काय लपवायचं?

२४ नोव्हेंबर, रविवार

अहवालाचा कागद समोर. ‘दिवा कोण सोडतो’ या रकान्यापुढे काय लिहू? नाव लिहिलं तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, बाबांना चौकशीला बसवतील. नाही लिहिलं आणि दिवे चालू राहिले तर उद्या खरंच काही व्हायचं. आणि बंद केले तर आईला दिसणारी शेवटची गोष्ट मी बंद केली असं होईल. मी! आठवड्यातून दोन वेळा तिला काही दिसतं, तेही तिची लेक काढून घेणार.

नवऱ्याला सगळं सांगितलं. टेकडीवर काय म्हणाला होतास, आठवतं का, विचारलं. तो म्हणाला, आठवतं, पण त्या विमानात माझे शिकाऊ विद्यार्थीही बसलेले असू शकतात. मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसला.

मनोऱ्यावर फोन करून शिताफीने विचारून घेतलं, रात्री आकाश पूर्ण रिकामं कधी असतं. बाबांना ती वेळ कळवली. मी मनाशी ठरवलं, फक्त येता मंगळवार. आईला एकदम कसं सांगायचं? हा एक मंगळवार जाऊ दे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी गच्चीवर न जाता सज्जात आईजवळ बसले. तिने शाल गुंडाळली होती, केस विंचरले होते. फिरायला निघाल्यासारखी तयार.

वरून बाबांची हाक आली, ‘सोडला!’

‘दिसला!’ आई म्हणाली. मान वर, तोंडावर उजेड पडल्यासारखं हसू. मग सांगू लागली, मोठ्याने, बाबांना ऐकू जावं म्हणून. ‘छान चढतोय! सरळ! आता वळला... डावीकडे, नदीच्या बाजूला चाललाय हो!’

मी दिवा बघत होते. दिवा उजवीकडे गेला होता. पाण्याच्या टाकीवरून, नदीला पाठ करून.

आधी वाटलं, गोंधळली असेल. मग खालच्या बोळातून वारा आला आणि माझ्या उजव्या गालाला लागला. आईने त्या बाजूचा गाल किंचित पुढे केलेला होता. बोळात वारा घरांना आपटून वेगळाच फिरतो, वरचा वेगळा. ती गालावरच्या वाऱ्यावरून सांगत होती.

मी तिचा हात धरला. तिला कळलं. तिला आमचं सगळंच आधी कळतं.

‘कधीपासून?’ मी अगदी हळू विचारलं.

‘पहिले काही दिसले,’ ती म्हणाली. ‘चांगले दिसले. मग पाऊस संपता संपता एकदा बघत बसले, बघत बसले... काळोखच. आणि ते वर वाट बघत होते. तू त्यांचा आवाज ऐकतेस ना? सोडला म्हणतात तो? मी नाही दिसला म्हटलं तर उद्यापासून त्यांनी काय करायचं? दिवसभर सेल तपासतात, दोरे कापतात. शर्टाला इस्त्री करतात. मी पडले की उचलायचं, औषध द्यायचं, एवढंच का उरावं त्यांना?’

‘पण आई, तू... न दिसलेलं...’

‘हो गं,’ ती म्हणाली. ‘सगळ्या आयुष्यात एक कोन मनचा टाकला नाही. आता टाकते.’ मग म्हणाली, ‘बरोबर सांगितलं का आज?’

मी म्हटलं, ‘अगदी बरोबर. नदीकडेच गेला.’

मीही थाप मारली. आईला, तोंडावर.

‘त्यांना सांगायचं नाही,’ तिने बजावलं. वरून जिन्यावर बाबांची पावलं ऐकू आली. एकेक पायरी. ते आत आले आणि विचारलं, ‘कसा होता?’ आई म्हणाली, ‘गेल्या वेळेपेक्षा झकास.’ बाबा लाजल्यासारखे हसले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिवे बंद करायला आता आईची अडचण नाही. बाबांची आहे. आणि ज्यांची अडचण आहे त्यांना तसं सांगायचं नाही. ते समजणार, मी आईचा दिवा बंद केला. समजू देत. हे ओझं मीच घेते.

पण झोप नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अहवाल दिला. नावाच्या जागी लिहिलं — ‘एक ज्येष्ठ नागरिक. हेतू निरुपद्रवी. समज देण्यात येत असून यापुढे दिवा सोडला जाणार नाही.’

साहेबांनी वाचला. चष्मा काढला. म्हणाले, ‘मी इथे नवा लागलो तेव्हा मला फुगा भरायला शिकवणाऱ्या माणसाकडे एक पितळी वजन होतं. त्यांचा फुगा कधी वेडावाकडा चढला नाही. गेल्या महिन्यात मी आमच्या गच्चीवरून हा दिवा पाहिला. म्हटलं, हा हात ओळखीचा आहे.’

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ‘मग मला का पाठवलंत?’

‘मी गेलो असतो तर आधी कारवाई झाली असती. तुम्ही गेलात म्हणजे आधी चहा झाला असणार.’ त्यांनी सही केली, कागद बंद केला. ‘पण खरंच थांबलं पाहिजे हं. विमानं आहेत. आणि त्यांना म्हणावं, गुडघे सांभाळा.’

संध्याकाळी बाबांना घेऊन खाली चालायला गेले. सांगितलं. मी सगळं पाठ करून गेले होते, काही लागलंच नाही. ‘थांबायलाच हवं,’ ते म्हणाले. ‘चूक माझीच. वेळापत्रक बघायला हवं होतं.’ साहेबांचा निरोप ऐकून हसले. ‘त्याचा पहिला फुगा छपराला अडकला होता.’ कोपऱ्यावर आल्यावर विचारलं, ‘हिला तू सांगशील की मी सांगू?’

‘तुम्हीच सांगा,’ मी म्हटलं. मला त्यांच्याकडे बघता आलं नाही. आईला वाईट वाटणार नाही, बाबा, वाईट तुमच्यासाठी वाटेल, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

‘बघतो कसं जमतं ते,’ ते म्हणाले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांनी कसं सांगितलं असेल या काळजीने ऑफिसातून धावत गेले. आई सज्जात, शाल गुंडाळून, केस विंचरून. त्यांनी सांगितलंच नव्हतं! घाबरून गच्चीवर गेले. बाबा कठड्याशी उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. फुगा नाही, दोरा नाही. नुसते हात.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग वाकून हाक दिली, ‘सोडला!’

‘दिसला!’ आई म्हणाली.

मी बघतच राहिले. बाबा माझ्या कानाशी आले. ‘मागे एकदा सेल संपला होता. फुगा काळोखातच गेला. तेव्हाही दिसला होता तिला.’

‘मग इतके दिवस खरे का सोडत राहिलात?’

‘न सोडता सोडला म्हणायला जीभ वळत नव्हती,’ बाबा म्हणाले. ‘आज वळली.’

खालून आईचा आवाज आला, ‘नदीकडे वळला हो!’

बाबा रिकाम्या आकाशाकडे बघत म्हणाले, ‘हो. वळला.’